राहू दे, कधीतरी लागेल

पार्क्स रोडवरून तुम्ही आत वळता तेव्हा समोरची इमारत जुन्या चर्चसारखी दिसते. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, मधोमध मनोरा. दार ओलांडताना तुम्ही नकळत आवाज खाली आणता. पण आत अंधार नाही, अंगावर उजेड येतो. वर सगळी काच आहे. लोखंडी खांब खोडांसारखे सरळ वर गेलेत आणि टोकाला त्यांना लोखंडाचीच पानं फुटलीत. खाली उन्हाच्या पट्ट्यांत डायनोसॉरचे सांगाडे उभे आहेत आणि त्यांच्या पायांशी शाळेची पोरं जमिनीवर बसून चित्रं काढतायत.

हे ऑक्सफर्ड विद्यापीठाचं निसर्गेतिहास संग्रहालय. इथल्या कपाटांत, खणांत आणि बरण्यांत सत्तर लाखांहून अधिक नमुने आहेत. त्यांतले पन्नास लाखांच्या वर नुसते कीटक. आज तुम्हाला त्यातलं एकच काही बघायचं आहे. मागच्या एका खोलीत टेबलावर एक डबा ठेवलाय. झाकण निघतं.

आत एक डोकं आहे. वाळलेलं, तपकिरी, तुमच्या अंदाजापेक्षा मोठं, पुढे बाकदार चोच. एका बाजूची कातडी अजून हाडाला धरून आहे, दुसऱ्या बाजूची सोडवून वेगळी केली आहे. हा डोडो. हाडं इतरत्रही आहेत, पण कातडीसकट उरलेला डोडो अख्ख्या जगात एवढाच.

तुम्हाला आजीच्या घराचा माळा आठवतो. तिथे एक पत्र्याची पेटी होती. तीत बटणं, तुटकी कुलपं, पितळी चिमटे आणि किनाऱ्यावरून कुणीतरी आणलेल्या शंखांची एक बरणी. दर दिवाळीला कुणीतरी म्हणायचं, आता हे टाकून देऊ. आजी हात आडवा धरायची. “राहू दे गं, कधीतरी लागेल.”

या डोक्याच्या मागोमाग आता तुम्हाला जायचं आहे. नियम एकच. बघायचं सगळं, पण बोलायचं नाही आणि हात लावायचा नाही.

सुरत, १६३० च्या आसपास

डोळे उघडता तर समोर तापीचं पाणी आणि नाकाला मिऱ्यांचा, ओल्या दोरखंडांचा वास. बंदर गजबजलंय. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज तिथल्या वखारीत नोकरीला आहे. त्याला जे दिसेल ते वहीत टिपायची सवय आहे. मॉरिशसहून आणलेले दोन डोडो त्याने इथेच, सुरतेत, पाहिले आणि लिहून ठेवले.

बुटका, गलेलठ्ठ, आखूड पंखांचा पक्षी तुमच्यासमोर मान वाकडी करून बघतो. माणसाला घाबरायचं असतं हे याला कुणी शिकवलंच नाही, कारण त्याच्या बेटावर माणूस नव्हता. डच खलाशी तिथे उतरले ते १५९८ मध्ये. जहाजांबरोबर उंदीर, डुकरं आणि माकडं उतरली आणि जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी संपू लागली. याच सुमारास मुघल दरबारातल्या चित्रकार मन्सूरच्या नावावर गणलं जाणारं एक डोडोचं चित्र रंगवलं गेलं. ते आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. चित्रातला पक्षी जिवंत बघून काढलेला दिसतो.

तुमच्या पुढ्यातला पक्षी जमिनीवर चोच आपटतो. १६६२ नंतर डोडो पाहिल्याची भरवशाची नोंद मिळत नाही. म्हणजे या प्राण्याच्या हातात जेमतेम तीस वर्षं आहेत. तुमच्या तोंडून शब्द निघत नाही. नियमच तसा आहे.

ब्रॉड स्ट्रीट, ऑक्सफर्ड, १६८३

आता तुम्ही एका कोऱ्या इमारतीत आहात. चुन्याचा वास अजून गेलेला नाही. हे अ‍ॅशमोलियन. विद्यापीठाने बांधलेलं आणि पैसे भरून कुणालाही आत येऊ देणारं संग्रहालय. वरच्या मजल्यावर संग्रह, मधल्या मजल्यावर व्याख्यानं आणि तळघरात रसायनशाळा. तुम्ही जिना उतरता तसा भट्टीचा धूर घशात बसतो. वस्तू बघावी, तिच्याबद्दल ऐकावं आणि खाली जाऊन प्रयोग करावा, अशी या तीन मजल्यांची योजना आहे.

संग्रह मुळात ट्रेडस्कंट बापलेकांचा. दोघांचंही नाव जॉन, दोघेही माळी. झाडं आणता आणता त्यांनी जगभरच्या वस्तूही आणल्या आणि लंडनजवळ लॅम्बेथच्या घरात मांडल्या. १६५६ मध्ये धाकट्या जॉनने यादी छापली आणि तीत मॉरिशसच्या डोडोची नोंद केली. पुढे तो संग्रह इलायस अ‍ॅशमोल यांच्याकडे आला आणि त्यांनी तो विद्यापीठाला दिला. तुम्ही वर जाता. कोपऱ्यात पेंढा भरलेला डोडो उभा आहे, अख्खा, पिसांसकट. लोक त्याच्याकडे बघतात आणि पुढे जातात. हा पक्षी जगातून नाहीसा झालाय, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नाही. एखादी जात अशी पूर्ण संपू शकते, ही कल्पनाच अजून रुजायची आहे.

संग्रहालयाचे पहिले प्रमुख रॉबर्ट प्लॉट टेबलाशी बसलेत. ऑक्सफर्डशरच्या निसर्गेतिहासावरचं त्यांचं पुस्तक सहा वर्षांपूर्वी, १६७७ मध्ये, निघालं. त्यात एका खाणीतून आलेल्या मांडीच्या हाडाच्या टोकाचं चित्र आहे. हाड प्रचंड आहे. रोमन लोकांनी आणलेल्या हत्तीचं असावं का, असा विचार त्यांनी केला आणि शेवटी ते राक्षसी आकाराच्या माणसाचं ठरवलं. चित्र बघून तुम्हाला कळतं की हे डायनोसॉरचं हाड आहे. पण ते सांगायला शब्दही नाही. तो शब्द जन्मायला अजून दीडशेहून अधिक वर्षं आहेत.

प्लॉट चुकले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खरं दुःख वेगळं आहे. ते हाड पुढे हरवलं आणि चित्र तेवढं उरलं. ते नेमकं कुठल्या प्राण्याचं, हे त्या हाडालाच विचारून खात्री करून घ्यायची सोय राहिली नाही.

तीच खोली, जानेवारी १७५५

थंडी हाडांत शिरते. खोलीला बुरशीचा आणि जुन्या पिसांचा वास येतोय. संग्रहाची तपासणी चालली आहे. हातात यादी, एकेका वस्तूपुढे खूण. खराब झालेला माल काढावा असा नियम आहे, आणि डोडो खराब झालाय. कसर लागलीय, पिसं झडलीत, पेंढा बाहेर आलाय.

पुढे लोक सांगतील की डोडोला आगीत टाकलं आणि कुणीतरी ज्वाळांतून डोकं ओढून काढलं. तुम्ही बघता, तर आग कुठेच नाही. कुजत आलेला एक पक्षी आहे आणि त्यातलं जे टिकेल ते वाचवायचा साधा, घाईचा निर्णय आहे. एक हात पुढे येतो. डोकं बाजूला ठेवतो, एक पाय बाजूला ठेवतो. बाकीचं जातं.

तुम्हाला ओरडावंसं वाटतं. थांबा, या जातीचा दुसरा पक्षी पृथ्वीवर नाही. घसा कोरडा पडतो आणि शब्द आतच राहतो. तुम्ही त्या हाताच्या मालकाचा चेहरा बघायला वळता, पण तो पाठमोरा आहे. त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. डोकं राहिलं, पाय राहिला.

१८२४, एक जबडा आणि एक चित्रकर्ती

ऑक्सफर्डपासून काही मैलांवर स्टोन्सफील्डचे खाणकामगार जमिनीखाली उतरून छपराला लागणारे पातळ दगड काढतात. त्या दगडांत कधी दात सापडतो, कधी बरगडी. असाच एक जबड्याचा तुकडा १७९७ मध्ये विद्यापीठातल्या शरीररचनेच्या शिकवणीसाठी विकत घेतला गेला आणि क्राइस्ट चर्च कॉलेजात पडून राहिला. हा प्राणी कोण, ते कुणाला सांगता येत नव्हतं. तरी त्याला कुणी टाकलं नाही.

तुम्ही टेबलापाशी वाकता. मेरी मोरलँड नावाची तरुणी त्या जबड्याचं चित्र काढते आहे. वाकडे, चपटे, कडांना करवतीसारखे दाते असलेले दात. ती थांबते, उजेडाकडे जबडा थोडा फिरवते आणि जुन्या दाताच्या मुळाशी वर येऊ पाहणारा नवा दात टोकदार पेन्सिलीने टिपते. दात पडून पुन्हा येतात म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्याची खूण. पण हे दात खोबणींत बसलेत, सरड्यासारखे कडेला चिकटलेले नाहीत. तिच्या रेषेत दोन्ही गोष्टी येतात.

२० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीपुढे विल्यम बकलंड या प्राण्याला नाव देतात, मेगॅलोसॉरस, म्हणजे महाकाय सरडा. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी काढला तो १८४२ मध्ये. मेरी मोरलँड पुढच्या वर्षी मेरी बकलंड होतात.

बकलंड यांना वाटलं की प्राणी चार पायांवर चालणारा अजस्र सरडा होता. आज आपण त्याला दोन पायांवर उभा करतो. वर्षभर आधी, १८२३ मध्ये, वेल्समधल्या पॅव्हिलँडच्या गुहेत त्यांना गेरूने लाल झालेला मानवी सांगाडा मिळाला होता. तो रोमन काळातल्या बाईचा आहे असं त्यांचं मत पडलं. तो निघाला तरुण पुरुषाचा, सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीचा. दोनही वेळा उत्तर चुकलं आणि दोनही वेळा दुरुस्त झालं, कारण जबडा आणि हाडं जागेवर होती. प्लॉटच्या हाडाच्या नशिबी ते नव्हतं.

तुम्ही परत त्या जबड्याकडे बघता. त्याच्याजवळ चिठ्ठी आहे. तो कुठून आला, ते लिहिलंय. आजीच्या पेटीत आणि या खणात फरक असलाच तर या चिठ्ठीचा. ती नसेल तर संग्रहाची अडगळ होते.

पार्क्स रोड, १८५८

छिन्नीचा आवाज. दगडाची भुकटी उन्हात तरंगते आहे. जेम्स ओशे नावाचा आयरिश कारागीर मचाणावर उभा आहे आणि त्याच्या कोपराशी ओलं फडकं गुंडाळलेली एक फांदी आहे. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातून ताजी रोपं येतात आणि ओशे मंडळी ती समोर ठेवून खांबांचे माथे कोरतात. पानाची शीर कुठे वळते, फळाचं देठ कुठे जाड होतं, सगळं दगडात उतरतंय. जॉन रस्किन यांचा आग्रह आहे की कारागिराने निसर्गाकडे बघून कोरावं.

इमारतीचा ध्यास घेतलाय हेन्री अ‍ॅक्लंड नावाच्या डॉक्टरांनी. खगोल, भूविज्ञान, रसायन, प्राणी, वनस्पती, वैद्यक, सगळे विषय वेगवेगळ्या कॉलेजांत विखुरलेत. ते एका छताखाली यावेत, शिकवणाऱ्याला खोली, शिकणाऱ्याला प्रयोगशाळा आणि मधल्या चौकात नमुने मिळावेत, ही त्यांची मागणी. पैशांचा मोठा भाग आला विद्यापीठाच्या छापखान्यात बायबल छापून झालेल्या नफ्यातून. देवाने दोन ग्रंथ लिहिले, एक शब्दांचा आणि एक सृष्टीचा, असं अ‍ॅक्लंड मानतात. दुसरा ग्रंथ वाचायची खोली पहिल्या ग्रंथाच्या पैशातून उभी राहते आहे.

तुम्ही चौकाभोवती फिरता. प्रत्येक खांब ब्रिटनमधल्या वेगळ्या दगडाचा आहे, आणि कुठला दगड कुठला हे त्यावर लिहिलंय. इमारतीचे खांबही नमुने आहेत, आणि त्यांनाही चिठ्ठी आहे.

डोडोचं डोकं आता अभ्यासकांच्या हाती आलंय. १८४७ मध्ये त्याच्या एका बाजूची कातडी सोडवली गेली आणि स्ट्रिकलँड व मेलव्हिल यांनी १८४८ च्या ग्रंथात हाडांवरून दाखवून दिलं की हा पक्षी गिधाड नाही, शहामृग नाही, कबुतरांच्या कुळातला आहे. १७५५ च्या त्या पाठमोऱ्या हाताने हे उत्तर ९२ वर्षं आधी वाचवून ठेवलं होतं.

शनिवार, ३० जून १८६०

गर्दीने तुम्हाला ढकलत वरच्या मजल्यावर आणलंय. नवीन लाकूड, घाम आणि अत्तर यांचा एकच वास येतोय. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचं अधिवेशन आहे. इमारत पुरती झालीही नाही. व्याख्यानाची खोली अपुरी पडली म्हणून सभा या लांबट दालनात हलवली. सातशे माणसं असतील, कदाचित हजार. खिडक्यांच्या बाजूला स्त्रिया बसल्यात. चार्ल्स डार्विन आलेले नाहीत, प्रकृती ठीक नाही. उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ बाजारात येऊन सात महिने झालेत.

आधी न्यूयॉर्कहून आलेले ड्रेपर बोलतात. लांब बोलतात, हवा कोंदट होत जाते. मग ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स उठतात. त्यांचा आवाज गोड आहे, सभा त्यांची आहे. बोलता बोलता ते थॉमस हक्सली यांच्याकडे वळून माकडाच्या वंशावरून टोमणा मारतात, आजोबांकडून की आजीकडून, अशा थाटाचा. पांढरे रुमाल हलतात. हक्सली उठतात. त्यांच्या उत्तराचा आशय सगळीकडे एकच सांगितला जातो. माकड पूर्वज असण्याची लाज नाही. आपली बुद्धी सत्य झाकायला वापरणाऱ्या माणसाशी नातं असण्याची लाज वाटेल.

गलका उडतो. एका स्त्रीला भोवळ येते. पांढऱ्या पडत चाललेल्या केसांचा एक नौदल अधिकारी बायबल उंच धरून उभा राहतो. तुम्ही त्याला ओळखता. हा रॉबर्ट फिट्झरॉय, ‘बीगल’चा कप्तान, डार्विनना जगभर नेऊन आणणारा. मग वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर बोलतात, शांतपणे, झाडांच्या उदाहरणांवरून, मुद्द्याला मुद्दा लावत. त्या दुपारी उपस्थित असलेल्यांपैकी काहींना हुकर यांचंच भाषण सर्वांत परिणामकारक वाटलं.

तुम्ही कान टवकारता, कारण तुम्हाला ठाऊक आहे की या खोलीत शब्दशः टिपण कुणी घेत नाहीये. नंतर पत्रं लिहिली जातील, आठवणी सांगितल्या जातील आणि प्रत्येकीत वाक्यं थोडी वेगळी असतील. हक्सलींना वाटेल आपण जिंकलो, हुकरना वाटेल आपण, आणि बिशपांनाही वाटेल की बाजू आपली राहिली. विज्ञानाच्या इतिहासातला इतका गाजलेला वाद, पण त्यातलं एकही वाक्य कुठल्या खणात ठेवलेलं नाही. भिंतीपलीकडे मात्र नमुने कपाटांत लावायचं काम चाललंय. वादाचा निकाल पुढे त्यांनी दिला.

तळमजल्याचा कोपरा, १९३५

बाहेर काळोख पडलाय. तुम्ही जमिनीच्या पातळीखाली अर्धवट गेलेल्या एका खोलीत आहात. भिंतीत खूप उंचावर गॉथिक वळणाची एक खिडकी. तिच्यापाशी लाकडी सज्जा आणि तिथे सूक्ष्मदर्शक. खाली क्ष-किरणांचं यंत्र. मधे शिडी. पंचविशीतली एक स्त्री ती शिडी उतरते आहे, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा स्फटिक. तिच्या बोटांचे सांधे दुखू लागलेत. ती ते कुणाला जाणवू देत नाही.

ही डोरोथी क्रोफुट, पुढे डोरोथी हॉजकिन. स्फटिक इन्सुलिनचा आहे.

स्फटिकात अणू ओळीने, पुन्हा पुन्हा त्याच नक्षीत बसलेले असतात. क्ष-किरण त्यातून गेले की वळतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. जाळीच्या खिडकीतून जमिनीवर पडलेले कवडसे बघून जाळीची नक्षी ओळखायची, असं हे काम आहे. फक्त जाळी डोळ्यांना दिसत नाही आणि कवडसे शेकडो असतात.

फिल्म धुतली जाते. लाल दिव्याखाली तुम्ही तिच्या खांद्यावरून बघता. काळे ठिपके, नेमके, रांगेत. तिचा श्वास थांबतो. रात्री उशिरा ती बाहेर पडते आणि ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून आनंदात नुसती चालत राहते. तुम्हीही चार पावलं मागून चालता. सकाळी जाग येते ती शंकेने. स्फटिक खरंच इन्सुलिनचा आहे ना? ती धावत परत येते आणि तपासून खात्री करून घेते.

त्या ठिपक्यांवरून अख्खा रेणू ओळखायची युक्ती १९३५ मध्ये अस्तित्वात नाही. ती प्रश्न बाजूला ठेवते, टाकत नाही. मधल्या काळात पेनिसिलीनची रचना १९४५ मध्ये सुटते, मग बी-१२ जीवनसत्त्वाची, आणि १९६४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळतं. इन्सुलिन सुटतं १९६९ मध्ये, पहिल्या फिल्मनंतर ३४ वर्षांनी. तोवर तिची प्रयोगशाळा या इमारतीतून हललेली आहे. १९६९ च्या त्या शोधनिबंधावरच्या नावांत एक भारतीय नाव आहे, एम. विजयन. पुढे त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकांचं काम उभं केलं.

तुमच्या घरी फ्रिजच्या दारात कुणाचं ना कुणाचं इन्सुलिन असेल. लवकर काम करणारं, सावकाश काम करणारं, असे आजचे कितीतरी प्रकार त्या रेणूची रचना कळल्यामुळे घडवता आले. त्या कुपीचा धागा या शिडीपर्यंत येतो. वर हाडांची कपाटं, खाली रेणूंचे ठिपके आणि एकच इमारत.

मनोरा, मे १९४८

आता चढायचं आहे. जिना अरुंद होत जातो, मग शिडी, मग धुळीचा काळोख. मनोऱ्याच्या उतरत्या छपरात वायुवीजनाच्या वाटा आहेत आणि त्यांत पाकोळ्या राहतात. आफ्रिकेतून दर वर्षी मेच्या आरंभी येतात, ऑगस्टपर्यंत निघून जातात. बाहेरून त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात, वाऱ्यावर कात्री चालवल्यासारख्या.

पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांचा अभ्यास सुरू झालाय. त्यांनी आणि एलिझाबेथ लॅक यांनी या वाटांच्या तोंडाशी खोकी बसवायला घेतली. खोक्यांना मागे काच. काळोखात बसून तुम्ही काचेला डोळा लावता. एक हात अंतरावर पाकोळी दोन अंड्यांवर बसली आहे. हा पक्षी झोपतोही उडता उडता, अंडी-पिलांपुरता तेवढा टेकतो. बाहेर पाऊस लागून किडे मिळेनासे झाले की आईबाप लांब निघून जातात आणि पिलं गारठून, अंगातलं सगळं मंद करून दिवस काढतात. ती मेल्यासारखी दिसतात. ऊन पडतं, आईबाप परत येतात, पिलं चोच उघडतात. घशात गोळा करून आणलेल्या एकेका घासात शेकडो किडे असतात.

किती अंडी, किती पिलं उडाली, हवा कशी होती, हे सगळं वहीत उतरतं. पक्षी किती अंडी घालतो? जितकी पिलं तो जगवू शकतो तितकी, असा लॅक यांचा विचार, आणि या वह्या त्याला आकडे पुरवतात. अभ्यास १९४८ मध्ये सुरू झाला आणि लॅक गेल्यावरही चालू राहिला. इथे कपाटात काही ठेवलेलं नाही. इथे वर्षं ठेवली आहेत, एकामागे एक. पाकोळ्या कमी होतायत का, उशिरा येतायत का, हे विचारायची गरज १९४८ मध्ये कुणाला वाटली नव्हती. उत्तराची सुरुवात मात्र त्यांनी लिहून ठेवली.

पुन्हा डब्यापाशी

पायऱ्या उतरताना वर्षं भराभर मागे पडतात. २००२ मध्ये याच डोडोतून मिळालेल्या डीएनएवरून कळलं की त्याचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक आहे निकोबारी कबुतर. मानेभोवती लांब पिसांची झालर आणि अंगावर हिरवी-तांबडी झळाळी असलेला हा पक्षी आपल्याच अंदमान-निकोबारच्या बेटांवर राहतो.

मग २०१८. डोकं वॉरिक विद्यापीठातल्या सूक्ष्म स्कॅन यंत्रातून जातं आणि पडद्यावर हाडांत बारीक पांढरे कण चमकतात. बघणारे थबकतात. ते शिशाचे छर्रे आहेत, डोक्याच्या मागच्या बाजूला आणि मानेत. हा डोडो १६३८ च्या सुमारास लंडनमध्ये पैसे घेऊन दाखवला जाणारा जिवंत पक्षी असावा आणि मग मेला असावा, असं मानलं जायचं. आता तेवढं सोपं राहिलं नाही. याला कुणीतरी मागून गोळी घातली होती. ते छर्रे त्या डोक्यात साडेतीनशेहून अधिक वर्षं होते. कातडी सोडवणाऱ्यांच्या हाताखाली होते, त्या जानेवारीतल्या पाठमोऱ्या माणसाच्या मुठीतही होते.

तुम्ही डब्यावर वाकता. १७५५ मध्ये डीएनए कुणाला माहीत नव्हता, स्कॅन नव्हता, डोडो संपलाय हे कळण्याएवढीही समज नव्हती. त्या माणसाला यातलं काहीच माहीत असणं शक्य नव्हतं. त्याला एवढंच वाटलं असेल, हे टाकू नये. संग्रहालयाचं सगळं काम त्या वाटण्यावर चालतं. एखाद्या पतंगाला टाचणी लावून त्याखाली गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव लिहिणारा माणूस आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळवतोच. पण तो ती चिठ्ठी अशा माणसासाठी लिहितो, जो अजून जन्मला नाही आणि ज्याचा प्रश्न त्याला सुचणार नाही. म्हणून जेव्हा अनुदान आटतं, जागा अपुरी पडते आणि कुणीतरी विचारतं की एवढे किडे कशाला ठेवायचे, तेव्हा मला त्या थंड खोलीची भीती वाटते. चूक मत पुढची पिढी सुधारते. टाकलेली वस्तू तिच्या हाती येतच नाही.

डब्याचं झाकण बसतं. तुम्ही बाहेर येता, रस्त्यापलीकडून एकदा वळून बघता. दर्शनी भिंतीतल्या काही खिडक्यांच्या कडांवर ओशेंची नक्षी आहे आणि बाकीच्या कितीतरी खिडक्यांचे दगड कोरायचेच राहिलेत. पैसे संपले होते. दगड तसेच बसवून ठेवले. मनोऱ्याभोवती पाकोळ्या फिरतायत.

घरी परतल्यावर एका दुपारी तुम्ही माळ्यावर चढता. पेटी अजून आहे. बटणं, कुलपं, चिमटे आणि तळाशी ती शंखांची बरणी. तुम्ही ती उजेडात धरता. कुठल्या किनाऱ्यावरचे हे शंख? कुणी वेचले? बरणीवर काही लिहिलेलं नाही. खाली आई जागी आहे, आणि आजीबरोबर समुद्रकिनाऱ्याच्या सहलींना गेलेली माणसं आता दोनच उरलीत, आई आणि मावशी.

तुम्ही बरणी घेऊन खाली उतरता, वहीचं एक पान फाडता, पेन्सिलीला टोक करता आणि आईजवळ बसून विचारता, “आई, आठवतंय का गं, हे कुठले?”